बिनतिकिटाचा निरोप

मी कॅनडातल्या एका लहान शहराच्या नगरपालिकेत बर्फ हटवण्याच्या खात्यात होतो. हे वाक्य ऐकून नागपुरात कुणी गप्प बसलंय असं आजवर एकदाही झालेलं नाही. "म्हणजे तू स्वतः हटवत होता?" नाही, मी ठरवायचो. कोणत्या रस्त्यावर यंत्र आधी जाणार, कोणत्या चढावर किती मीठ पडणार, शाळेसमोरचा रस्ता मुलं यायच्या आत मोकळा कसा होणार. "मीठ? रस्त्यावर?" हो, मिठाने बर्फ वितळतो. "अन् याचा पगार देते सरकार?" हो, देते. इथपर्यंत आलं की समोरचा माणूस आईकडे बघायचा आणि आई काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची. वडील होते तोवर त्यांनी 'पोरगा तिकडे रस्ते विभागात साहेब आहे' एवढ्यावर निभावून नेलं होतं.

ज्या गावात मे महिन्यात स्कूटरवर बसायच्या आधी सीटवर पाणी ओतावं लागतं, त्या गावच्या माणसाने अर्धं आयुष्य बर्फाचा हिशेब करण्यात घालवावं, यात काहीतरी गडबड आहे हे मलाही कळत होतं. पण नोकरी चांगली होती, माणसं बरी होती, आणि लग्न न केल्यामुळे घाई करणारं घरात कुणी नव्हतं. लग्न का केलं नाही याविषयी कन्हानच्या मावशीला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, तेव्हा तो विषय मी तिच्यावर सोडतो.

मग एका हिवाळ्यात, रात्रभर बर्फ पडूनही सकाळी सगळे रस्ते लख्ख मोकळे होते, साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि मला काही म्हणता काही वाटलं नाही. घरी आलो, बूट काढले, आणि एकच इच्छा झाली. कुणाशी तरी मराठीत भांडावं. समोर कुणीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी राजीनामा दिला. साहेबांनी विचारलं, कुठे चाललास? म्हटलं, घरी. किती दिवस? म्हटलं, कायमचा. त्या भल्या माणसाने पहिल्या फटक्यात विश्वास ठेवला. पुढे नागपुरात जे झालं ते बघता मला त्याची फार आठवण येते.

निरोपाला खात्यातल्या लोकांनी मला बर्फ उपसायचं एक फावडं भेट दिलं. त्याच्या पात्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. ते मी सामानात घालून आणलं. कस्टमच्या माणसाने विचारलं, हे काय आहे? फावडं. कशाचं? बर्फाचं. कुठे चाललात? नागपूर. एप्रिल महिना होता. त्याने शेजारच्या सहकाऱ्याकडे बघितलं आणि बाकीच्या बॅगा न उघडताच मला जाऊ दिलं.

आता आईच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. इतकी वर्षं माझी रजा तीन आठवड्यांची असायची आणि आईने त्या तीन आठवड्यांचं वेळापत्रक पक्कं बसवलं होतं. पहिला आठवडा मला आवडणाऱ्या पदार्थांचा: वडाभात, पाटवडीचा रस्सा, भरपूर कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या. दुसरा आठवडा नातेवाइकांकडे जेवायला जाण्याचा. तिसरा बांधाबांधीचा. या तीन आठवड्यांत आई, सत्तरी ओलांडलेली असूनही, घरभर भिंगरीसारखी फिरायची आणि मला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही. तब्येतीचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मले काय धाड भरली?"

यंदा मी दारातच सांगून टाकलं, "आई, मी कायमचा आलो. नोकरी सोडली."

"हाव," आई म्हणाली. "वडाभात आत्ता खाशीन की संध्याकाळी?"

मला वाटलं, हळूहळू पटेल. पण ती माझ्याशी अगदी दारू प्यायलेल्या माणसाशी बोलतात तसं बोलायला लागली. मी म्हणायचो, आता इथेच राहणार, आणि ती म्हणायची, हाव हाव, बस पंख्याखाली. तिचंही चुकत नव्हतं म्हणा. आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरातला मुलगा असाच कायमचा आला होता, येताना तिकडचा मोठा फ्रिजही घेऊन आला होता, आणि दिवाळीच्या आत परत गेला. त्याची आई त्या फ्रिजमध्ये आता कांदे ठेवते. आईने ते सगळं बघितलं होतं आणि तिने मनाशी ठरवलं होतं की आपण फसायचं नाही.

मला दुसरं काही नको होतं. तिने मला पाहुणा समजणं थांबवावं, एवढंच. तिकडे इतकी वर्षं मी पाहुणाच होतो, निदान इथे तरी घरचा व्हावं. पण पाणी प्यायला उठलो तर पेला हातात आणून मिळायचा. कूलरमध्ये पाणी भरायला गेलो तर पाईप काढून घेतला जायचा आणि मलाच कूलरच्या समोर बसवलं जायचं. मला याचं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो. चिडून मी एक लोखंडी आलमारी विकत आणली. तीन आठवड्यांसाठी आलेला माणूस आलमारी घेतो का, हा माझा मुद्दा होता. आईने तिला हळदकुंकू लावलं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या खालच्या दोन कप्प्यांत जुन्या गोधड्या भरल्या.

शेजारच्या काकांचं वेगळंच होतं. काका हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर शिफ्टच्या भोंग्यावर चाललेले. ते एका दुपारी आले, चपला अगदी हळू काढल्या, माझ्या शेजारी बसले. मयताच्या घरी बसतात तसे बसले होते.

"जाऊ दे," शेवटी म्हणाले. "होते असं. आमचाबी प्लांट बंद पडला होता एकदा."

"काका, मले कोणी काढलं नाही. मीच सोडली."

"हाव न. सारे असंच म्हणते. अन् आता जगात गर्मी किती वाढून राहिली. बर्फच कमी पडला असन. तुह्यावाली काय चूक त्यात?"

मी चहा पुढे केला. काकांनी तो दुःखात घेतात तसा, बिस्किटाशिवाय घेतला.

बघता बघता तिसरा आठवडा लागला. आईने भिवापुरी मिरच्या आणवल्या आणि गच्चीवर वाळत घातल्या. एका सकाळी मी वर गेलो तर ती माझ्या फावड्याने मिरच्या वरखाली करत होती. ज्या पात्यावर खात्यातल्या सगळ्यांनी प्रेमाने सह्या केल्या होत्या, त्यावर मिरचीचं बी चिकटलं होतं. "हे बरं आणलं तू," ती म्हणाली. परदेशातून मी आजवर आणलेल्या वस्तूंपैकी तिला मनापासून आवडलेली ही पहिलीच. मला काही बोलायचं होतं, पण शिंका थांबेनात.

तिखट दळून आलं. आईची ते बांधायची रीत अशी: आधी एक पिशवी, मग दुसरी, मग चिकटपट्टी, मग माझा मोजा, मग पुन्हा पिशवी. मी विचारलं, हे कुठे न्यायचंय? तर म्हणे, बांधून ठेवलेलं बरं असते. लोणचं बांधलं गेलं. चिवडा बांधला गेला. मावशीचा फोन आला की तिच्या मुलीसाठी गव्हाचे, घरी वळून वाळवलेले सरगुंडे पाठवायचे आहेत, तूही तिकडेच असतोस. मावशीची मुलगी त्याच देशात असली तरी माझ्या शहरापासून विमानानेही दिवस मोडेल इतकी लांब राहते, आणि मी आता तिकडे राहतच नाही, हे दोन्ही मुद्दे मी फोनवर सविस्तर मांडले. मावशी म्हणाली, "काही घाई नाही, तिकडं गेला की देजो."

आणि मग मी आलमारी उघडली तर माझे कपडे तिथे नव्हते. बॅगेत होते. घडी घालून, वर इस्त्रीचे, खाली बाकीचे, आणि कोपऱ्यात तिखट.

"आई, मी कुठंच जाऊन नाही राहिलो."

"हाव न. कोण म्हणते जा म्हणून?"

"मग बॅग काहून भरली?"

"आलमारीत चुरगळून राहिले होते."

त्या दिवशी मी जेवताना तोंड फुगवून बसलो. आईने माझ्या पानात एक पोळी जास्त वाढली.

रविवार उजाडला. रजेचा शेवटचा दिवस नेहमी रविवारच असायचा आणि काकाच मला त्यांच्या गाडीतून विमानतळावर सोडायचे. आठ वाजता दारात हॉर्न वाजला. बघतो तर काका, इस्त्रीचा शर्ट खोचून, गाडीची डिकी उघडून उभे. मावशी कन्हानहून पहिल्या बसने आलेली, हातात सरगुंड्यांचा डबा. आई वाटीत दही-साखर घेऊन समोर. तिघांपैकी एकाच्याही मनात काही शंका आहे असं चेहऱ्यावर दिसेना.

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला माहीत आहे. पण मी सांगितलं ना, मी चिडतो. म्हटलं ठीक आहे, बघू या हे कुठवर जातं ते. कुणीतरी विचारेल की, तिकीट घेतलं का, पासपोर्ट घेतला का. मी तळहातावर दही-साखर घेतली. आईच्या पाया पडलो. मावशीच्या पडलो. कुणी काही विचारलं नाही. आई नेहमीसारखं म्हणाली, "पोचला की फोन कर," आणि नेहमीसारखी फाटकापर्यंत न येता दाराची चौकट धरून उभी राहिली. मी काकांच्या शेजारी जाऊन बसलो आणि गाडी निघाली.

वर्धा रोडवर काका पुलांविषयी बोलत होते. कोणता पूल आधी झाला, कोणता नंतर, कोणता नसता झाला तरी चाललं असतं. मी हूं हूं करत होतो. विमानतळ आला. काका उतरले, धावत जाऊन ट्रॉली घेऊन आले, बॅग तिच्यावर चढवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"चाल गा. सांभाळून जाजो. दुसरी भेटन नोकरी."

"काका, माह्याजवळ तिकीट नाही."

"मोबाईलमध्ये असन. पाह्य न नीट."

"मोबाईलमध्येबी नाही. मी काढलंच नाही तिकीट."

काकांनी माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, मग विमानतळाच्या पाटीकडे बघितलं.

"मग आपण इथं काहून आलो?"

"तुम्हीच तं आणलं."

"अन् तू सांगितलं काहून नाही?"

"तीन आठवड्यांपासून तेच सांगून राहिलो, काका."

मागून शिट्टी वाजली. सुरक्षारक्षक गाडी हलवा म्हणून हात करत होता. आम्ही दोघांनी बॅग पुन्हा डिकीत घातली. चाललेल्या माणसाची बॅग परत डिकीत जाताना बघून रक्षकाने शिट्टी तोंडातून काढली. परतीच्या रस्त्यावर काकांना एकही पूल आठवला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी एका टपरीपाशी गाडी थांबवली आणि आम्ही झणझणीत रश्शाचे तर्री पोहे खाल्ले. दुसरी प्लेट संपत आली तेव्हा काका म्हणाले,

"म्हणजे खरंच सोडली? काढलं नाही?"

"सोडली."

"बर्फ पडून राहिला अजून तिकडं?"

"भरपूर."

"मग बरं आहे," काका म्हणाले आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने तर्री मागून घेतली.

घरी आलो तेव्हा मावशी इतवारीत खरेदीला गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. बॅग घेऊन आत शिरलो आणि तिथेच थांबलो.

आई दिवाणावर आडवी होती, डोळे मिटून. लुगडं गुडघ्यांपर्यंत वर घेतलेलं, दोन्ही गुडघ्यांना रुईची पानं तव्यावर गरम करून बांधलेली, पाय उशीवर. शेजारी ताटलीत कालच्या पोळीचा कुस्करा, अर्धा खाल्लेला. आणि ती कण्हत होती. माझ्या आईला मी उभ्या जन्मात कण्हताना ऐकलं नव्हतं.

"आली का वं?" तिने डोळे न उघडता विचारलं. "भांडे राहू दे आत्ता. पहिले पाय दाबून दे. गेला तो."

भांडी घासायला येणाऱ्या बाईला ती बोलत होती, आणि बोलण्यावरून दिसत होतं की माझी रजा संपली की हे असंच चालतं. मी बॅग ठेवली, दिवाणाच्या कडेला बसलो आणि पाय दाबायला लागलो. मला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्हींत पहिलं कोणतं ते कळत नव्हतं.

"आज हात कडक लागून राहिले तुहे," आई म्हणाली आणि तिने एक डोळा उघडला. मग दुसरा.

"तू? विमान चुकलं?"

"तिकीट काढाचं विसरलो."

तिने घाईघाईने लुगडं खाली ओढलं आणि उठायला गेली. "बस, बस. चहा ठेवते." अर्धवट उठली, तिच्या तोंडून "माय वं" निघालं आणि ती परत बसली. मी तिला धरलं. ती माझ्याकडे बघेना, रुईचं एक पान सुटून खाली पडलं होतं त्याच्याकडे बघत राहिली.

"कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून? आत्ता गच्चीवर चढली म्हणून..."

"आई."

"तुहे बाबा होते तेव्हापासून," ती म्हणाली. "पण तीन आठवडे निभून जाते. गोळ्या घेते मी. तू गेला की मग पडते."

म्हणजे तो वडाभात, त्या सांबारवड्या, ती भिंगरी, सगळं गोळ्यांवर चाललेलं. आणि मी तिकडे जाऊन सगळ्यांना सांगायचो की आमची आई या वयातही ठणठणीत आहे. मला जे काही बोलायचं होतं ते एकदम तोंडात आलं आणि त्यातलं फक्त एवढंच बाहेर पडलं, "सांगितलं काहून नाही मले?"

"सांगितलं असतं तं तू गुडघ्यापायी राहिला असता. मले तसं नको होतं." ती आता सरळ माझ्याकडे बघत होती. "राहाचं असन त्याने आपल्या मनानं राहावं."

"मी आपल्याच मनानं आलो. गुडघे तं मले आत्ता दिसले. तीन आठवड्यांपासून बोंबलून सांगून राहिलो, तू ऐकतच नाही."

मराठीत भांडायची माझी इच्छा अशी पूर्ण झाली. आईने बॅगेकडे बघितलं.

"खरंच तिकीट नाही काढलं?"

"नाही."

"पुढच्या महिन्याचंबी नाही?"

"कोणत्याच महिन्याचं नाही, आई."

मग तिने लुगडं पुन्हा वर घेतलं आणि दुसरा पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"हा दाब जोरानं," ती म्हणाली. "हा जास्ती दुखते."

आणि मग आईने तक्रारी सुरू केल्या. डाव्या डोळ्याने तिला शेजारचे काका दोन दिसतात, आणि एकच पुरे होते. वरची दाढ हलते. भांडीवाली बाई कढईच्या मागे हात लावत नाही. गच्चीवरची टाकी गळते, आणि गळती कुणाला दिसू नये म्हणून माझ्या प्रत्येक रजेत ती तिथे बादली ठेवते. आलमारीचा रंग तिला पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही. मी घोरतो. वडाभात तिला स्वतःला कधीच आवडला नाही, आयुष्यभर उगाच वडे तळत बसली. "अन् मावशीचे सरगुंडे तू खाऊन टाक, नाहीतर ती पुन्हा घेऊन येते." एकाही वाक्याला 'मले काय धाड भरली' नव्हतं. इतकी वर्षं फोनवर 'सगळं ठीक आहे' ऐकून ऐकून माझे कान किटले होते, आणि आता काहीच ठीक नाही हे ऐकताना मला इतका आनंद होत होता की मी तो लपवायला मान खाली घालून पाय दाबत राहिलो.

मी फोन काढला. म्हटलं, उद्याच डॉक्टरची वेळ घेतो, गुडघे आणि डोळा दोन्ही दाखवू, सकाळीच निघू. आईने माझ्या हातातला फोन काढून उशीखाली ठेवला.

"उद्या काहून?" ती म्हणाली. "बाहेर ऊन पाह्य किती आहे. पावसाचे दोन पाणी पडले की जाऊ. तू तं आता आहेच न."